प्रवासात फुटले

“लालसिंग, हळू घे की! आत माणूस हाय, कडबा न्हाई.”

“हळू घेतली तर त्याला आनखी अर्धा घंटा बोंबलावं लागंल बाई. तुमीच सांगा, काय करू?”

प्रश्न रास्त होता, म्हणून मालनबाई पुन्हा रोग्याकडे वळल्या. त्यांचा एक हात सेवाच्या छातीवर होता आणि दुसरा त्याच्या मांडीला आवळलेल्या पट्टीवर. गुडघ्याखाली जे उरले होते त्याला सवयीने पाय म्हणायचे, एवढेच. त्र्याहत्तर साल, दुष्काळी कामे जोरात. जवळा बाजारच्या अलीकडे पाझर तलावाच्या कामावर सकाळी एक धोंड घसरली आणि सेवाच्या पायावर येऊन बसली. चौघांनी पहारी लावून ती उठवली. सेवा तांड्यावरचा, पंचविशीतला काटक गडी. जीपमध्ये घालीपर्यंत दात आवळून गप्प होता. पहिल्याच खड्ड्याला त्याचा धीर सुटला.

“याडी! याडी ये!” तो आईला हाका मारू लागला.

“थांब बाबा. इंजेक्शन देते. आत्ता आराम पडंल बघ.”

मालनबाईंनी जीपमधली पत्र्याची पेटी ओढली. कापूस होता, पट्ट्या होत्या, आयोडीन होते. तळाशी पेथिडीनचे खोके होते. पेथिडीन म्हणजे मोठ्या वेदनेवरचे इंजेक्शन. त्याची नशा लागते, ते चोरून विकले जाते, म्हणून सरकार ते कुलपात ठेवते आणि काचेच्या एकेका नळीचा जाब विचारते. जीपसाठी चार नळ्या मंजूर होत्या. खोके डॉक्टरसाहेब स्वतः भरत आणि चिकटपट्टी लावून देत. मालनबाईंनी पट्टी फाडली. आत कापसाची नीटस गादी होती आणि गादीवर कोणीही झोपलेले नव्हते.

“दिलं का बाई?” सेवाने विचारले.

मालनबाई नर्स होत्या, एकोणीस वर्षांच्या. म्हणजे नोकरी एकोणीस वर्षांची. या एकोणीस वर्षांत त्या रोग्याशी खोटे बोलल्या नव्हत्या असे नाही. ‘काही होत नाही’ हे वाक्य तर दिवसातून दहादा बोलत. पण ‘दिलं’ म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी त्याच्याच डोक्याचा फेटा सोडवून त्याची घडी त्याच्या दातांत दिली.

“चाव. जोरात चाव.”

मग त्यांचे लक्ष पायापाशी गेले. सेवाच्या चांगल्या पायाला टेकून एक वेताची टोपली होती आणि टोपलीत भुसा घालून दोन डझन अंडी होती. जीप जवळा बाजारकडे जाणार असली की डॉक्टरसाहेबांच्या घरून चिठ्ठी यायची. आज बाजाराचा दिवस. लोक सेवाला धोंडीखालून काढत होते तेव्हा लालसिंग अंडी आणायला गेला होता.

जीप उसळली. सेवा फेट्यातून गुरासारखा हंबरला. टोपली वीतभर उडाली आणि पुन्हा जागेवर बसली. मालनबाईंनी भुसा बाजूला करून एकेक अंडे पाहिले. दोन डझनांपैकी एकालाही चीर गेली नव्हती.

दवाखाना येईपर्यंत त्या अंड्यांकडे बघत राहिल्या.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये डॉक्टरसाहेब उभे होते. गोरेपान, हसतमुख, स्वच्छ माणूस. रोग्यालासुद्धा ‘या, बसा’ म्हणत. बसता येत नसेल तरी म्हणत.

“पेथिडीन दिलं ना सिस्टर?”

“खोक्यात न्हाई.”

“अरेरे. फुटलं असेल. रस्ता बघताय ना कसा आहे? रजिस्टरला लिहून टाका.”

“काच कुठंय सायेब?”

“काच?”

“फुटलं तर काच राहती. बरणी फुटली तर आपून काचा वेचतो का न्हाई?”

डॉक्टरसाहेब गोड हसले. “सिस्टर, आपण पेशंट बघू या का आधी?”

पेशंट बघितला. त्याला नांदेडला पाठवला आणि नांदेडच्यांनी त्याचा पाय मांडीतून काढला. इकडे रजिस्टरमध्ये एक ओळ वाढली: ‘पेथिडीन, चार, प्रवासात फुटले.’ समोर डॉक्टरसाहेबांची सही. त्याखाली, जीपवरच्या नर्सची म्हणून, मालनबाईंची.

होय, केली. ती सही करताना त्यांचा हात कापला वगैरे काही नाही. सवयीचा हात सवयीने चालला. मागची पाने चाळून त्यांनी पाहिले, तर दोन वर्षांत एकतीस नळ्या ‘प्रवासात फुटले’ होत्या आणि प्रत्येक ओळीखाली ‘मा. पाईकराव’ असे गोल अक्षरात लिहिलेले होते. पहिल्या वेळेला त्यांना खरेच वाटले होते. दुसऱ्या वेळेला वाटून घेतले. नंतर वाटण्याचा संबंधच उरला नाही. नवरा नाही, मुलगी औरंगाबादला शिकायला, आणि वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवाल डॉक्टरसाहेबांच्याच हातचा.

नळ्या कुठे जात होत्या हे दवाखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होते. साहेबांच्या बंगल्याला दोन दारे होती. पुढचे दार दवाखान्याच्या आवारात उघडे, ते सरकारचे. मागचे दार गल्लीत उघडे, ते साहेबांचे. मागच्या दाराने बैलगाड्या नाही, मोटारी यायच्या. तिथे कोणी ओरडल्याचे आजवर ऐकू आले नव्हते. ‘सायबाच्या हाताला गुण हाय,’ असे गाव म्हणे. गुण काचेच्या नळीतून येत होता.

सरकार मात्र झोपलेले नव्हते. इतकी औषधे फुटतात याची जिल्ह्याने गंभीर दखल घेतली होती. दखल घेऊन बांधकाम खात्याला पत्र गेले होते. पत्राचा मसुदा हेडक्लार्क दत्तोपंतांचा. ‘सदर रस्त्याच्या दुरवस्थेमुळे मौल्यवान वेदनाशामके नष्ट होत असून’ हे वाक्य त्यांना फार आवडले होते. ते चहाच्या वेळी म्हणून दाखवत. पत्राचा गुण आला. दुष्काळी कामावरच्या बायांकडून खडी फोडून घेऊन रस्ता दुरुस्त झाला. औषधे फुटतच राहिली. मग दत्तोपंतांनी दुसरे पत्र लिहिले: खडी बारीक नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी मालनबाई घरी गेल्या. भाकरी थापायला परात घेतली आणि रेशनच्या पोत्यात हात घातला. त्या साली ज्वारी नव्हती, अमेरिकेची लाल मिलो होती. गिळताना घशात अडकणारी. हात पोत्यात कोपरापर्यंत गेला आणि तसाच थांबला. लहानपणी त्यांची आई काचेची चिमणी, अंडी, बांगड्या, जे फुटण्यासारखे ते सगळे ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायची. त्यातले कधी काही फुटले नव्हते आणि त्यातले काही कोणी काढले तर आईला दाण्याच्या उतारावरून कळत असे.

“खायला तर न्हाईच कामाची,” त्या मिलोला म्हणाल्या. “दुसऱ्या कामाला ये.”

सोमवारी जीपची औषधे काढण्यासाठी कपाट उघडले तेव्हा मालनबाई वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेऊन हजर होत्या. डब्यात मिलो.

“हे काय सिस्टर?” डॉक्टरसाहेबांनी विचारले.

“फुटू नये म्हणून सायेब. रस्ता लई वंगाळ हाय ना.”

डॉक्टरसाहेबांना रस्ता चांगला आहे असे म्हणता येईना. दत्तोपंतांनी चार नळ्या मोजून दिल्या. मालनबाईंनी त्या तिथेच दाण्यात पुरल्या, डब्याच्या तोंडावर मांजरपाटाचे फडके ताणले आणि टाके घालायच्या वाकड्या सुईने ते काठाला शिवून टाकले. टाका दवाखान्यातला नव्हता. वाकळ शिवताना आई घाली तो, मागे एक, पुढे दोन, आणि गाठ आतल्या बाजूला. उसवणाऱ्याला उसवता येईल, पण पुन्हा तसाच घालायचा तर मालनबाईंच्या आईच्या पोटी जन्म घ्यावा लागेल.

“मालनबाई, तुमी तर डब्याचं ऑपरेशनच केलं की,” दत्तोपंत म्हणाले.

“व्हय दत्तोपंत. दुखणं जुनं व्हतं.”

पुढे सात आठवडे नळी फुटली नाही. एकही. शिवण उसवायची ती रोग्यासमोर, आणि वापरलेल्या नळीची काच पुडीत बांधून रजिस्टराच्या पानाला टाचायची. विहिरीत पडलेला एक, बैलाने फाडलेला एक, भाजलेल्या दोघी. खडी फोडताना हाताचा चेंदा झालेली एक म्हातारी जीपमध्येच घोरू लागली. जागी झाल्यावर ती म्हणाली, “लई दिसांनी झोप लागली गं माय.” लालसिंग आरशातून मागे बघत होता. अंडी मात्र त्याने त्या दिवशी आणली नाहीत. बाजारात नव्हती म्हणाला.

आठव्या आठवड्यात भर दुपारी बंगल्याची मोलकरीण धावत आली. “बाई, सायेब डबा घेऊन बलावून राहिले.”

मालनबाई डबा काखेत मारून मागच्या दाराने आत गेल्या. त्या दाराने त्या पहिल्यांदाच जात होत्या. आतल्या खोलीत पुसेगावकडच्या एका जिनिंगवाल्याची सून पलंगावर तळमळत होती. पहिली खेप, मूल आडवे. सासू कोपऱ्यात पदर तोंडात धरून उभी. डॉक्टरसाहेबांच्या कपाळावर घाम होता.

“सिस्टर, एक द्या.”

मालनबाईंच्या मनात त्या क्षणी काय काय आले ते छापण्यासारखे नाही. सेवा आला, त्याचा फेटा आला. पण पलंगावरची पोरगी वीस वर्षांची होती आणि तिने मालनबाईंचा हात धरला होता, कोणाचा आहे हे न बघता. दुखणे काही जिनिंगचे नव्हते. मालनबाईंनी शिवण कापली, दाण्यातून नळी काढली आणि दंडात इंजेक्शन दिले. थोड्या वेळाने पोरीची मूठ सुटली. साहेबांनी मूल फिरवून घेतले आणि तासाभराने तेही सुटले, मुलगा.

पेढ्याचा पुडा येईपर्यंत मालनबाई रजिस्टर घेऊन आल्या.

“लिहितील ते दत्तोपंत,” डॉक्टरसाहेब हात धुता धुता म्हणाले. “एक, प्रवासात फुटले.”

“फुटलं न्हाई सायेब. टोचलं.”

“सिस्टर.”

“म्या माझ्या हातानं टोचलं. तर टोचलं लिवते.”

आणि त्यांनी उभ्या उभ्या लिहिले: ‘पेथिडीन, एक, डॉक्टरसाहेबांच्या घरी, पुसेगावच्या बाईंना टोचले.’ खाली गोल अक्षरात ‘मा. पाईकराव.’ बंगल्यात गेलेल्या नळीची, दोन वर्षांतली या पानांवरची ही पहिली खरी ओळ. सरकारी कागदाला खरे सोसत नाही हे त्यांच्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले.

चौकशी अधिकारी परभणीहून आले. सकाळी दहाची वेळ होती, अकराला आले, बंगल्यावर चहा घेतला, बाराला बसले. खोलीत डॉक्टरसाहेब, कागद घेऊन दत्तोपंत, दाराशी लालसिंग. मालनबाईंना खुर्ची नव्हती. पंखा होता, तो अधिकाऱ्यांच्या बाजूला वळवलेला होता.

“पाईकरावबाई, तुमच्यावर तीन आरोप आहेत,” अधिकारी म्हणाले. “एक, दुष्काळाच्या काळात रेशनचे धान्य खाण्याव्यतिरिक्त इतर कामी वापरले.”

“तुमी खाऊन बगितली का सायेब ती मिलो?”

“दोन, शासकीय औषधाच्या डब्याची विनापरवाना शिवण केली. तीन, शासकीय इंजेक्शन खाजगी घरात जाऊन दिले. हे तर तुमच्याच अक्षरात आहे.”

“घर कुनाचं हाय त्येबी माझ्याच अक्षरात हाय.”

“तो मुद्दा चौकशीत नाही.”

डॉक्टरसाहेब खेदाने मान हलवत होते. चांगल्या माणसाने हाताखालच्या माणसाच्या ऱ्हासाबद्दल हलवावी तशी.

“सायेब, एक इचारते,” मालनबाई म्हणाल्या. “दोन वर्सं नळ्या फुटल्या. म्या दाण्यात ठिवल्या तवापासून एकबी फुटली न्हाई. रस्ता त्योच, जीप तीच, डायवर त्योच. मंग अगोदर काहून फुटत व्हत्या?”

अधिकारी खुलले. हुशार माणूस होता. त्यांनी टेबलावर बोट टेकले. “नेमकं हेच. काळजी घेतली तर फुटत नाहीत हे तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत. म्हणजे आधीच्या एकतीस फुटल्या त्या तुमच्या निष्काळजीपणामुळे. दत्तोपंत, घ्या लिहून. चौथा आरोप.”

दत्तोपंतांची लेखणी क्षणभर अडखळली. मग चालली.

मालनबाई दाराकडे वळल्या.

“लालसिंग, तू सांग. ज्या दिसी सेवाला आणलं त्या दिसी जीपमंदी अंडी व्हती का न्हाई?”

लालसिंगने टोपी काढली. टोपीच्या आत बघितले.

“अंडी किती फुटली, येवढं सांग.”

डॉक्टरसाहेब त्याच्याकडे बघून हसले. ‘या, बसा’ म्हणताना हसत तसेच.

“याद न्हाई बाई,” लालसिंग म्हणाला. आणि जरा वेळाने, आणखी हळू, “मला चार लेकरं हायेत.”

“हायेत की. म्याच काढलीत त्यातली दोन.”

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले. बंगल्यावर जेवण होते. “तर बाई, समजुतीचं सांगतो. निष्काळजीपणा मान्य करून सही करा. वेतनवाढ थांबेल, बदली होईल, विषय संपेल. डॉक्टरसाहेबांनीच रदबदली केलीय तुमच्यासाठी.”

कागद पुढे आला. दत्तोपंतांनी पेन दिले. मालनबाईंनी कागद वाचला. सगळा वाचला, मागची बाजू कोरी होती तीही पाहिली. मग उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहू लागल्या.

“हे काय? पुढच्या बाजूला सही करायचीय.”

“निष्काळजीपणा झाला न्हाई, तर त्येची सही कशी करू? जे झालं त्येची करते.”

लिहायला त्यांना वेळ लागला. अक्षर गोल काढायची सवय. लिहून झाल्यावर त्यांनी ते उभ्यानेच वाचून दाखवले. लिहिताना त्यांची भाषा शाळेतल्यासारखी होई.

“‘मी मालन पाईकराव, नर्स, लिहून देते की रजिस्टरातील एकतीस नळ्यांपैकी एकही फुटलेली मी पाहिली नाही. काच पाहिली नाही. खोके डॉक्टरसाहेब भरून देत, मी उघडत असे तेव्हा ते कधी अर्धे, कधी पूर्ण रिकामे असे. तरी प्रत्येक वेळी मी फुटले म्हणून खोटी सही केली. खोटी सही हा माझा गुन्हा आहे. त्यापायी जे लोक जीपमध्ये ओरडले त्यातल्या नऊ जणांची नावे मला आठवतात, ती खाली देत आहे.’”

खाली नऊ नावे होती, गावासकट. पहिले सेवाचे.

डॉक्टरसाहेबांचे हसू तसेच होते, फक्त त्याच्या मागचा माणूस तिथून निघून गेला होता.

“बाई, अहो, काय करताय?” अधिकाऱ्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा आला. “निष्काळजीपणाला बदली आहे. खोट्या नोंदीला नोकरी जाते. फौजदारीसुद्धा होईल. साहेबांचं काय व्हायचं ते होईल न होईल, तुमची तर जाणारच. हे फाडा. मी पाहिलं नाही म्हणतो.”

“तुमीबी न्हाई पाह्यलं म्हनता?” मालनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला, तो व्हरांड्यात बसलेल्या रोग्यांपर्यंत गेला. “दोन वर्सं म्या हेच केलं सायेब! न्हाई पाह्यलं, न्हाई पाह्यलं! त्यो पोरगा फेटा चावून चावून दात मोडून घ्यायला लागला व्हता, आन् म्या तिथं बसून सही करायची तयारी करून राहिले व्हते! आता आनखी कोनी न पाह्यलेलं नगं मला. दत्तोपंत, शिक्का मारा ह्याच्यावर. आवक नंबर द्या.”

दत्तोपंतांनी अधिकाऱ्यांकडे पाहिले, डॉक्टरसाहेबांकडे पाहिले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो कागदांना शिक्के मारले होते आणि एकाही कागदाने त्यांना घाम फोडला नव्हता. त्यांनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला, उगाचच दोनदा, आणि मारला.

“चारशे बारा,” ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग कोरड्या आवाजात सांगितले की निलंबनाचा आदेश निघेल, तो उद्या सकाळपासून लागू धरावा, किल्ल्या आज संध्याकाळी जमा कराव्यात.

“उद्या सकाळपासून,” मालनबाईंनी खात्री करून घेतली.

“हो.”

“मंग आजचा दिवस भरायचा हाय.”

त्या बाहेर आल्या. लालसिंग भिंतीला चिकटून उभा राहिला, त्यांना वाट द्यायला. वाट भरपूर होती. दोन वाजत आले होते आणि बायांच्या वॉर्डात ताप बघायची वेळ झाली होती.

मालनबाईंनी कपातून थर्मामीटर उचलले. हात कापत होता; मनगटापासून नाही, खांद्यापासून, अख्खा. तो थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला, थांबेना. पहिल्या खाटेवरची बाई वर बघत होती. थर्मामीटर वापरण्याआधी पारा उतरवायला झटकावे लागते. मालनबाई झटकत राहिल्या, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. पारा केव्हाच खाली उतरला होता.

“तोंड उघड,” त्या म्हणाल्या. “आन् चावू नको. काच हाय.”